बंदूक घडविणाऱ्याचा मुलगा : लुइजी किनेत्ती

आपल्या वार्षिक अंकात बहुधा आपल्यातल्याच कर्त्या पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते उचितच आहे. यंदा मात्र संपादक मंडळाच्या अनुज्ञेने एका परदेशी मिस्त्रीची हकीगत सांगण्याचे मी योजिले आहे. त्याचे जन्मगाव इटलीत, उमेदीची वर्षे पॅरिसमध्ये आणि कीर्ती अमेरिकेत. आपल्या समाजाशी किंवा यवतमाळ जिल्ह्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तथापि त्याचा बाप बंदुका घडवीत असे. म्हणजे भट्टी, हातोडा आणि कानस यांच्यावरच त्या घराचा चरितार्थ चाले. मुलाने पुढे जन्मभर जे केले, ते आपणा लोहार-सुतारांच्या घरोघरी चालत आलेल्या कामाचेच पुढचे रूप होते.

लिहिण्यास आणखी एक निमित्त घडले. मागच्या मेळाव्यात पंगतीला शेजारी बसलेल्या एका तरुण मेकॅनिकने मला विचारले, "काकाजी, इंजिन आपण खोलायचं, आपणच बसवायचं, अन् नाव मात्र मालकाचं. आपल्या माणसाचं नाव गाडीवर कधी लागन का?" त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. परंतु ज्याचे नाव लागले अशा एका माणसाचा इतिहास मला ठाऊक आहे. तो जसा घडला तसा, गुणदोषांसह, येथे मांडतो.

लुइजी किनेत्ती याचा जन्म १७ जुलै १९०१ रोजी उत्तर इटलीतील जेरागो या लहानशा गावी झाला. गाव मिलान शहरापासून फार दूर नाही. त्या वर्षी आपला जिल्हा सरकारदप्तरी वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता; यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. वऱ्हाडच्या कापसासाठी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्यांची इंजिने चालती ठेवताना आपल्या वाडवडिलांतील कित्येकांनी बैलगाडीच्या चाकावरून पट्ट्याच्या चाकाकडे मजल मारली. साधारण त्याच पिढीत जेरागोच्या त्या मुलाने बापाच्या हाताखाली लोखंडाचा पहिला धडा घेतला. बंदुकीचे काम म्हणजे माप नेमके आणि भाग एकमेकांत घट्ट बसणारे. तेथे "चालून जाईल" असे म्हणता येत नाही. नळीत खोट राहिली तर ती चालविणाऱ्याच्याच तोंडावर फुटते.

१९१७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो मिलानच्या मोटार कारखान्यात यंत्रकामगार म्हणून लागला. तोच कारखाना पुढे अल्फा रोमिओ या नावाने जगप्रसिद्ध झाला. १९२० मध्ये तेथेच एन्झो फेरारी नावाचा एक तरुण आला. या दोघांचा संबंध पुढे अर्धशतकाहून अधिक टिकला. तो कधी स्नेहाचा, कधी व्यवहाराचा, आणि पुष्कळदा भांडणाचा होता. इटलीत फॅसिस्टांचा जोर वाढू लागला तेव्हा किनेत्तीने देश सोडून पॅरिस गाठले. तेथे तो अल्फाच्या गाड्या विकू लागला, त्यांची दुरुस्ती करू लागला आणि प्रसंगी शर्यतीत चालवूही लागला. मिस्त्री, दुकानदार आणि सारथी ही तीन कामे एकाच माणसाच्या अंगी आल्यामुळे त्याचे पुढील सर्व आयुष्य घडले, असे माझे मत आहे. विकलेल्या गाडीत कोठे दुखते हे त्याला दुरुस्तीमुळे कळे, आणि दुरुस्त केलेली गाडी कितपत सोसेल हे चालविल्यामुळे.

येथे ल मां या फ्रेंच गावच्या शर्यतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण किनेत्तीचे भाग्य त्या गावाशी जडलेले आहे. आपल्याकडच्या शंकरपटात जोडी सुटते आणि काही क्षणांत निकाल लागतो. धुरकऱ्याचे काळीज आणि बैलांचे पाय, एवढ्यावर सारा खेळ. (या पटांवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये ते सशर्त सुरू झाले आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने वैध ठरविला, हे वाचकांस विदित आहेच.) ल मांची शर्यत याच्या अगदी उलट. १९२३ च्या मे महिन्यात ती प्रथम झाली, तेव्हा तिचा हेतू शर्यतीसाठी मुद्दाम बनविलेल्या हलक्या यंत्रांची नव्हे, तर लोक प्रवासाला नेतात त्या मोटारींची परीक्षा घेण्याचा होता. दिवे, टप, आसने, मडगार्ड अशा सर्व लवाजम्यासह गाडीने चोवीस तास धावावे, दिवस आणि रात्र दोन्ही पाहावीत. १९२४ साली तर गाडी थांबवून टप उभारावा आणि तो तसाच ठेवून काही फेऱ्या माराव्यात, असा नियमच होता. टप कच्चा असेल तर वाऱ्याने फाटे आणि गाडी बाद होई. रस्ता गावाबाहेरचा, नित्याच्या रहदारीचा. तेथे नुसता वेग कामाचा नव्हता. कोणता भाग किती तासांनी तापेल, ब्रेक केव्हा झिजतील, तेल कोठून गळेल, हे ज्याला आधी सुचेल त्याला ती शर्यत साधे. थोडक्यात, ही परीक्षा सारथ्याइतकीच मिस्त्रीची होती.

१९३२ साली किनेत्ती रेमों सोमेर या धनिक फ्रेंच तरुणाचा जोडीदार म्हणून अल्फा रोमिओ घेऊन ल मांला उतरला. तेथे तो आजारी पडला आणि सोमेरने वीस तासांहून अधिक काळ एकट्याने गाडी हाकली. शर्यत त्यांनी जिंकली, परंतु त्या विजयात किनेत्तीच्या हाताचा वाटा चक्र फिरविण्यात थोडा आणि गाडी सिद्ध करण्यात फार, असे म्हटले पाहिजे. पुढच्या वर्षी सोमेर दुसऱ्या जोडीदाराबरोबर, साक्षात ताझिओ नुव्होलारीबरोबर, उतरला आणि किनेत्ती त्यांच्या विरुद्ध. चोवीस तासांनंतर दोन गाड्यांतील अंतर सुमारे चारशे मीटर राहिले. किनेत्ती दुसरा. १९३४ मध्ये फिलिप एतांसलें याच्या साथीने त्याने ती शर्यत पुन्हा जिंकली. तेहतीस वर्षांच्या आत दोन विजय आणि एक निसटता पराभव! तरीही वृत्तपत्रांतून मोठी अक्षरे होती ती गाडीच्या व धनिक जोडीदारांच्या नावाची. आपल्या तरुण मित्राने पंगतीत जे विचारले, ते पॅरिसमधल्या कोण्या मिस्त्रीनेही तेव्हा विचारले असते.

१९४० साली काळाने त्याला समुद्रापार नेले. ल्यूसी ओ'रायली शेल या बाईंच्या संघाने अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी दोन माझेराती गाड्या पाठविल्या. चालक दोघे फ्रेंच, रेने द्रेफ्यूस आणि रेने ल बेग, आणि यंत्रांची देखभाल करण्यास किनेत्ती. ३० मे रोजी पावसात ती शर्यत झाली. एक गाडी आधीच निकामी झाल्याने दोघांनी मिळून दुसरी चालविली आणि दहावा क्रमांक मिळविला. तिकडे त्याच दिवसांत जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरत होत्या. १० जूनला इटली युद्धात उतरली आणि १४ जूनला पॅरिस पडले. ज्या शहरात त्याचे दुकान आणि संसार होता ते शत्रूच्या हाती. जन्मभूमीने जगाशी वैर मांडलेले. आणि हा एकोणचाळिशीच्या उंबऱ्यावरचा माणूस परक्या देशात, परक्याच्या गाड्यांजवळ उभा. तो परत गेला नाही. न्यूयॉर्कमध्ये मोटारदुरुस्तीच्या कामाला लागला आणि पुढे अमेरिकेचा नागरिक झाला.

देशांतर अनेकजण करतात. आपल्याही गावांतून पुण्याला, नागपूरला, काही तर आखाती देशांतही मुले गेली आहेत. जाताना पेटीत कपडे असतात, परंतु खरी शिदोरी हातांत असते. ती कोणत्याही नाक्यावर कोणी उघडून पाहात नाही. किनेत्तीजवळ भांडवल नव्हते, भाषाही नीट नव्हती. पण एखाद्या इंजिनाला कान लावून त्याचा रोग सांगता येतो अशी त्याची ख्याती त्याच्या आधी न्यूयॉर्कला पोहोचली होती, आणि ज्यांना तो रोग बरा करून हवा होता ते लोक पैसेवाले होते.

युद्ध संपल्यावर १९४६ च्या डिसेंबरात तो इटलीत जाऊन जुन्या परिचिताला, एन्झो फेरारीला, भेटला. फेरारीचा कारखाना युद्धकाळात यंत्रे घडविणारी यंत्रे करीत होता, आणि तोच धंदा पुढे चालवावा की मोटारी कराव्यात या विवंचनेत तो होता. किनेत्तीने त्याला सांगितले की मोटारी कर, मी त्या अमेरिकेत विकून दाखवितो. आज फेरारी हे नाव ऐकल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे अमर्याद वैभव उभे राहते. परंतु त्या नाताळच्या सुमारास बोलत बसलेले ते दोघेही कारखान्यात वाढलेले मध्यमवयीन गृहस्थ होते, आणि त्यांच्यापैकी गिऱ्हाईक कोठे आहे हे ठाऊक असणारा एकच होता. फेरारीचा उदय केवळ फेरारीच्या प्रतिभेने झाला असे जे लिहिले जाते ते अर्धसत्य आहे. माल घडविणारा आणि माल खपविणारा यांत इतिहास पहिल्याचीच आठवण ठेवतो. आणि येथे तर खपविणाराही मूळचा घडविणाराच होता.

खपविण्यासाठी काही करून दाखविणे भाग होते. १९४९ च्या जून महिन्यात, दहा वर्षांच्या खंडानंतर, ल मांची शर्यत पुन्हा भरली. किनेत्ती फेरारीची १६६ जातीची गाडी घेऊन आला. इंजिन अवघे दोन लिटरचे, परंतु सिलिंडर बारा. एवढे इवले इंजिन चोवीस तास टिकेल यावर जाणत्यांचा विश्वास नव्हता. गाडीचा मालक आणि जोडीदार होता लॉर्ड सेल्सडन हा इंग्रज उमराव. त्याची प्रकृती ठीक नसल्याने तो तासाभराच्या आसपासच चालवू शकला. उरलेले बावीस-तेवीस तास अठ्ठेचाळिशीला आलेल्या किनेत्तीने एकट्याने काढले. शेवटी शेवटी क्लच घसरू लागला होता. त्याला सांभाळीत, कोठे सोडायचे आणि कोठे ताणायचे हे ओळखीत, त्याने ३,१७८ किलोमीटर अंतर पुरे केले आणि शर्यत जिंकली. ल मांवर फेरारीचा हा पहिला विजय, आणि किनेत्तीचा तिसरा. सतरा वर्षांपूर्वी तो आजारी असताना सोमेरने त्याच्यासाठी जे केले, ते त्याने सेल्सडनसाठी केले. कर्ज फिटते, पण घेणेकरी दुसराच असतो.

या पराक्रमाचे मी निर्भेळ कौतुक करू इच्छीत नाही. १९५२ साली पिएर लवेग या फ्रेंच चालकाने तीच शर्यत एकट्याने जिंकण्याचा हट्ट धरला. तो जवळ जवळ तेवीस तास एकटाच गाडी चालवीत राहिला आणि अखेरच्या टप्प्यात, आघाडीवर असताना, इंजिन मोडून रिकाम्या हाताने परतला. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच लवेगची गाडी अपघातात प्रेक्षकांत घुसली. तो स्वतः आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एका माणसाने किती तास चालवावे याला पुढे मर्यादा आल्या, त्या योग्यच होत्या. किनेत्तीचे साधले म्हणून ते शहाणपणाचे होते असे ठरत नाही. त्याला साधले याचे एक कारण मात्र असे की तो वेगाच्या भरात नव्हता. तो रात्रभर क्लचचा आवाज ऐकत होता.

त्याच वर्षी ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन धनिकाने किनेत्तीकडून फेरारी घेतली. अमेरिकेत गेलेल्या अगदी पहिल्या फेरारींपैकी ती एक. १९५१ साली मेक्सिकोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन हजारांवर किलोमीटर चालणारी कारेरा पानामेरिकाना ही शर्यत पिएरो तारुफ्फी आणि किनेत्ती यांनी जिंकली. ती गाडीही छत असलेली, दोघांनी बसून दूरच्या मुलखात जावे अशी. अशा गाडीला इटालियन भाषेत 'ग्रान तुरिस्मो', म्हणजे मोठ्या प्रवासाची गाडी, असे म्हणतात. आज कोणत्याही गाडीच्या पाठीवर 'जीटी' ही अक्षरे चिकटविलेली आपण पाहतो, त्यांचा उगम या शब्दांत आहे. असो. मेक्सिकोच्या विजयानंतर अमेरिकेतील मागणी वाढली, आणि फेरारीची एजन्सी किनेत्तीच्या हाती पक्की झाली.

१९५८ मध्ये काही सधन सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने स्वतःचा संघ उभा केला. नाव 'नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम'. त्याच्या आद्याक्षरांवरून सर्वजण त्याला 'नार्ट' म्हणत. बिल्ल्यावर फेरारीचा उधळता घोडा होता, परंतु संघ किनेत्तीचा. गाड्या कधी नव्या, कधी कारखान्याने वापरून बाजूला ठेवलेल्या. वापरलेल्या गाडीला पुन्हा उभे करून नव्या गाडीच्या पुढे न्यावे, यात या संघाचा विशेष आनंद असे. यवतमाळकरांना हे निराळे सांगावयास नको. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले आपल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद रुळांवर १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावले. ज्यांनी ते सत्तर वर्षे धावते ठेवले त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

किनेत्तीची नजर जशी यंत्रावर तशीच माणसांवर बसे. पुढे १९६१ साली जगज्जेता झालेला फिल हिल हा मूळचा मेकॅनिक. त्याला युरोपात फेरारीच्या संघाकडे नेण्यास किनेत्ती कारणीभूत झाला. परंतु त्याच्या माणसे पारखण्याच्या गुणाची खरी आणि दुःखद कसोटी ठरली ती मेक्सिकोच्या रोद्रिगेझ बंधूंच्या बाबतीत. धाकटा रिकार्दो १९५८ मध्ये सोळा वर्षांचा होता. ल मांच्या अधिकाऱ्यांनी वय पाहून त्याला नकार दिला आणि थोरला पेद्रो तेवढा नार्टच्या गाडीत बसला. १९५९ मध्ये दोघेही उतरले. १९६० मध्ये रिकार्दोने आंद्रे पिलेत याच्याबरोबर नार्टच्या फेरारीतून दुसरा क्रमांक मिळविला, तेव्हा त्याला अठरा वर्षे पुरी झाली होती. १९६१ साली या दोघा भावांनी नार्टच्या गाडीतून खुद्द कारखान्याच्या गाड्यांशी रात्रभर टक्कर दिली. शर्यत संपण्यास दोनएक तास असताना त्यांचे इंजिन गेले. त्याच वर्षी फेरारीने रिकार्दोला आपल्या संघात घेतले. १ नोव्हेंबर १९६२ रोजी मेक्सिको शहरातील सरावात, दुसऱ्याच संघाच्या लोटस गाडीत, तो ठार झाला. वय अवघे वीस. पेद्रोने खेळ सोडला नाही. १९६३ आणि १९६४ साली डेटोनाची शर्यत त्याने नार्टच्या जीटीओ जातीच्या फेरारीतून जिंकली, दुसऱ्या खेपेस फिल हिलच्या साथीने. ११ जुलै १९७१ रोजी जर्मनीत तोही शर्यतीतच गेला.

हे दोन्ही मृत्यू किनेत्तीच्या गाडीत झाले नाहीत. तथापि अठरा वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती इतका वेग देणाऱ्या मोठ्या माणसांत तो होता, हे विसरता येणार नाही. लोहाराच्या घरात मूल भात्याला बसते ते सातव्या-आठव्या वर्षी, पण घण त्याच्या हाती कोणी देत नाही. हा विवेक त्या काळच्या मोटारविश्वात नव्हता, आणि आपल्या चरित्रनायकातही तो होता असे मला म्हणवत नाही.

१९६४ सालची एक गंमत सांगण्याजोगी आहे. फेरारीने २५० एलएम ही नवी गाडी प्रवासी जातीत नोंदवावी म्हणून अर्ज केला होता. तेवढ्या गाड्या बनल्याच नव्हत्या म्हणून तो नाकारला गेला. इटलीच्या मोटार क्लबाने आपली बाजू घेतली नाही या रागाने एन्झो फेरारीने जाहीर केले की यापुढे आपल्या गाड्या इटलीच्या लाल रंगात उतरणार नाहीत. मग वर्षातल्या उरलेल्या दोन मोठ्या शर्यतींत, अमेरिका आणि मेक्सिको येथे, फेरारीच्या गाड्या नार्टच्या नावाने आणि निळ्या-पांढऱ्या रंगात धावल्या. त्याच रंगात जॉन सर्टीझ मेक्सिकोत त्या वर्षीचा जगज्जेता झाला. ज्या मिस्त्रीने १९४६ साली "गाड्या कर" म्हणून सांगितले, त्याच्या संघाचे नाव मालकाला उसने घ्यावे लागले. रुसवा संपला आणि गाड्या पुन्हा लाल झाल्या. पण ती दोन शर्यतींची नोंद पुसली गेली नाही.

आता जिच्यासाठी हा लेख मी लिहावयास घेतला, त्या १९६५ च्या जूनकडे येतो. त्या वर्षी ल मांला अमेरिकेचा फोर्ड आणि इटलीचा फेरारी यांचे द्वंद्व व्हावयाचे होते. फोर्डने सात-सात लिटरची इंजिने आणली होती. फेरारीच्या कारखान्याने आपल्या नव्या पी-२ गाड्या. किनेत्तीजवळही एक पी-२ होती. तीत त्याने पेद्रो रोद्रिगेझ आणि निनो व्हाकारेल्ला यांना बसविले. तिच्या जोडीला त्याच नाकारल्या गेलेल्या २५० एलएम जातीची एक गाडी, क्रमांक २१, होती. ती त्याने जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या मॅस्टन ग्रेगरी या अमेरिकनाच्या आणि योखेन रिंट या तेवीस वर्षांच्या ऑस्ट्रियन तरुणाच्या हवाली केली. हिच्याकडून कोणाला आशा नव्हती, चालकांनाही नव्हती. आरंभीच्या काही तासांतच इंजिनाची ठिणगी बिघडली, गाडी पार मागे पडली आणि रिंट घरी जावयास निघाला होता. मग दोघांचे ठरले की राखून चालविण्यात अर्थ नाही. मोडली तर मोडली.

मोडल्या त्या इतरांच्या. फोर्डच्या जीटी जातीच्या सर्व गाड्या एकामागून एक बंद पडल्या. फेरारीच्या कारखान्याच्या नव्या गाड्यांच्या ब्रेकच्या चकत्यांना तडे गेले आणि तिन्ही बाद झाल्या. सकाळी आघाडीवर होती ती बेल्जियमच्या एका संघाची पिवळी २५० एलएम, आणि तिच्या मागे नार्टची. दुपारच्या आधी पिवळ्या गाडीचे टायर फुटून तिची अंगे फाटली. दुरुस्तीत वेळ गेला. सुटलेल्या एक्कावन्न गाड्यांपैकी चौदा शेवटास पोहोचल्या, आणि त्यांत पहिली क्रमांक २१. अंतर सुमारे ४,६७७ किलोमीटर. किनेत्तीची महागाची पी-२ सातवी आली. चालक म्हणून ज्याने ल मां तीनदा जिंकली होती, त्याने संघाचा मालक म्हणूनही ती जिंकली. आणि तीही खुद्द फेरारीचे आणि फोर्डचे कारखाने हरले असता, एका एजंटाच्या गाडीने.

या विजयाविषयी एक वाद आहे तो लपविणे इतिहासलेखकास शोभणार नाही. नार्टचा राखीव चालक एड ह्यूगस याने पुढे कित्येक वर्षांनी असे सांगितले की रात्री ग्रेगरीला दिसेनासे झाले, रिंट सापडेना, तेव्हा काही काळ गाडी आपण चालविली. तसे घडले असेल तर ते नियमाविरुद्ध होते. अधिकृत नोंदीत दोनच नावे आहेत. त्या रात्रीचा कोणताही निर्विवाद पुरावा ह्यूगसच्या बाजूने पुढे आलेला नाही, म्हणून मी नोंदीप्रमाणेच लिहिले आहे. परंतु पंगतीतल्या त्या तरुणाला हे कळावे की ज्या माणसाचे नाव अखेर गाडीला लागले, त्याच्याही संघात ज्याचे नाव लागले नाही असा एकजण उरलाच.

पुढची वर्षे लवकर सांगतो. १९६७ साली किनेत्तीच्या आग्रहावरून फेरारीने आपल्या २७५ जीटीबी-४ या गाडीचा बिनछताचा नमुना त्याच्यासाठी काढला. अवघ्या दहा गाड्या झाल्या आणि त्यांना नार्टचेच नाव मिळाले. त्या वेळी त्या खपविणे त्याला जड गेले. पुढे त्यांतील एक २०१३ च्या लिलावात अडीच कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेली. १९७१ मध्ये नार्टच्या गाडीने ल मांला तिसरा क्रमांक मिळविला. १९७५ साली आपल्या एका गाडीला तिच्या जातीत उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्याने आपल्या साऱ्या गाड्या ऐन वेळी काढून घेतल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मानी स्वभाव तसाच होता. एन्झो फेरारीशी त्याचे व्यवहार या काळात कडवट होत गेले. ज्या कारखान्यासाठी गिऱ्हाईक उभे केले, त्याला पुढे मधल्या माणसाची तितकी गरज राहिली नाही; धंद्यातली ही रीत जगभर एकच आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी नार्टच्या गाड्या मैदानातून दिसेनाशा झाल्या. १७ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ग्रीनविच येथे लुइजी किनेत्ती वारला.

१९६५ नंतर ल मांची शर्यत जिंकण्यास फेरारीला २०२३ साल उजाडले. मधली अठ्ठावन्न वर्षे किनेत्तीचा तो विजयच तिचा अखेरचा विजय होता. क्रमांक २१ ची गाडी मात्र १९६५ नंतर लगेच निवृत्त झाली नव्हती. किनेत्तीने तिला खोलून, सांधून १९६८ साली पुन्हा ल मांला उतरविले आणि १९६९ साली आणखी एकदा. त्या तिसऱ्या खेपेस, ती जुनाट झाली असता, तिने आठवा क्रमांक घेतला. त्यानंतर अनेक दशके ती इंडियानापोलिसच्या संग्रहालयात उभी होती. १९४० साली जेथे माझेरातींच्या मागून एक परदेशी मिस्त्री उतरला, त्याच गावी. २०२५ च्या फेब्रुवारीत पॅरिस येथे तिचा लिलाव झाला आणि ती साडेतीन कोटी युरोंच्या जवळपास विकली गेली.